दोन मुराळी, एक सायकल

पैला दगड मल्ह्यानं, माज्या धाकट्या भावानं मारला. ह्यात मला कुनी खोटं पाडू नगा, बायांनो. मी दारातच उभी व्हते, हातात पंचमीसाठनं भाजल्याल्या लाह्यांची परडी. दगड सयादादाच्या कपाळावर बसला आन असा आवाज झाला की दावनीची म्हस उठून उभी ऱ्हायली. दादा पडला न्हाई. फौजेत हयात गेल्याला गडी त्यो. रगत डोळ्यात उतरलं तसं पालथ्या हातानं पुसलं, सायकलचा पितळी पंप उपसला आन मल्ह्याच्या थोबाडावर असा हानला की त्येचा येक दात उडून माज्या तुळशीच्या बुडात पडला. अजून तितंच हाय. मी कशाला उचलू?

मग दोघं खाली. श्रावनाची बुरबुर चालल्याली, अंगनात नुस्ता चिखल. कवा दादा वर, कवा मल्ह्या वर. दोघांचीबी केसं पिकल्याली, धाप लागत व्हती, पर येकमेकाचा गळा सोडत नव्हती.

आन दीस कंचा, सांगा? नागचवथ. भावाचा उपास! सकाळधरनं माज्या पोटात घोटभर च्या सोडून काय न्हाई. कशापायी? तर माज्या भावांना औक्ष मिळू दे, त्यांच्यावरचं इघ्न टळू दे. इघ्न! तीच दोन इघ्नं माज्या अंगनात येकमेकाच्या उरावर बसली व्हती.

आमचं मालक तसं शानं. त्येनी घरातलं कोयतं, खुरपी, कुऱ्हाड सगळं गोळा केलं आन माळ्यावर चढून बसलं. तितनंच वरडाय लागलं, "अगं शाले, आवर की तुज्या भावांना! जीव घेत्याल येकमेकाचा!"

"तुमी या की खाली, मग आवरू दोघं मिळून," म्या म्हटलं.

न्हाई आलं.

अंगनात दोन सायकली आडव्या पडल्या व्हत्या. दोन्हीबी हिरव्या, दोन्हींना झेंडूच्या माळा, आन दोन्हीबी म्हनं अप्पाच्या. अप्पा म्हंजे आमचा बा. आता बा येक आन त्येच्या सायकली दोन कशा झाल्या, त्ये आधी आईका, न्हाईतर तुमी म्हनशीला शालूबाईचं भाऊ येडंच हायत. येडं हायतच, पर येडेपनाला बी कारन हाय.

अप्पानं ती सायकल सांगलीतनं आनली तवा मी परकरात व्हते. उंच, हिरवीगार, बसाय कातडी सीट, मागं रुंद क्यारेज. माजं लगीन झालं, मी हितं बोरजाईवाडीला आले, तीन कोसावर. दरसाली नागचवथीला अप्पा मला न्यायला यायचा. खालच्या वढ्याला घंटी वाजली की माजी सासू म्हनायची, "आला गं तुजा मुराळी. आता चार दीस मलाच चूल." मी पिशवी घिऊन क्यारेजवर बसायची आन अप्पाच्या पाठीला धरून माहेराला जायची. अप्पाच्या पैरनीला घामाचा आन तमाकूचा वास यायचा. आज बी मला त्यो वास नाकात येतो, काय करू सांगा.

अप्पा गेला. वाटनी झाली. रान वाटलं, हीर वाटली, भांडी वाटली, बांधावरच्या आंब्याच्या फांद्या सुदीक वाटल्या. पंचांनी मला इचारलं, "शालूबाई, तुला काय?" म्या म्हटलं, "मला काय बी नगं. पंचमीला न्यायला या म्हंजे झालं." हक्कसोडीवर सही केली आन बाजूला बसले.

तितंच पेटलं. न्यायला येनार कोन? दादा म्हनला, थोरला मी, मुराळी मीच. मल्ह्या म्हनला, अप्पाचं शेवटपतूर मी बघितलं, तू पलटनीत व्हतास, मुराळी मी. ज्येच्याकडं सायकल त्यो मुराळी, आन ज्यो मुराळी त्यो घरचा कर्ता, हे दोघांच्या डोस्क्यात बसलं. रानावरनं येवडी भांडली न्हाईत तेवडी सायकलवरनं भांडली. पंच कट्टाळलं. येक जन हासत म्हनला, "मग करा की अर्धी अर्धी!"

पंच हासला, आन ह्येंनी खरं धरलं.

पाना आनला. मल्ह्यानं पुढचं चाक, त्ये चाक धरनारा चिमटा, हँडल, दिवा, घंटी घेतली. दादानं सांगाडा, मागचं चाक, सीट, क्यारेज घेतलं. खाली ऱ्हायली साखळी. साखळी पुढच्याची का मागच्याची? बोला आता! मल्ह्यानं ती मुठीला गुंडाळली आन फिरवली. दादाचा डावा डोळा गेला, बायांनो. माज्या समूर गेला. दादानं तसंच आंधळ्यागत मल्ह्याला धरलं, त्येचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आन वरनं पाय दिला. मनगाट मोडलं ते आजून वाकडंच हाय.

म्या साखळी हिसकून घेतली. वटीत टाकली. पंचांच्या समूर म्हनाले, "आईका रं दोघं. अप्पाची सायकल सगळीच्या सगळी मला न्यायला यील, त्या दिशी ह्या गावात पाय ठेवीन. तवर मला माहेर न्हाई."

लोक म्हनत्यात, शाले, तुजं तोंड लय वाईट, असली शपथ कशाला घातलीस? घातली ती घातली. परत येळ आली तरी हीच घालीन. बावीस वर्सं मी त्या गावची वेस बगितली न्हाई. साखळी माज्या घरात खुटीला. दर खंडेनवमीला तिला त्याल लावते, हळद-कुक्कू वाहते. मला वाटनीत मिळाली ती येवडीच.

ह्या साली दादाच्या लेकीचं, क्रांतीचं लगीन ठरलं, दिवाळीनंतरचं. पोरगी माज्यावर गेलीया, तोंडानं बी आन हट्टानं बी. मला फोनवर म्हनली, "आत्या, तू नसलीस तर मी हळदीला बसनार न्हाई. आबांना तसं सांगितलंय. मांडव घाला न्हाईतर मोडा."

झालं. दादानं शेरडाच्या खोपटातनं सांगाडा भाईर काढला. शेरडांनी सीटचं कातडं चगाळल्यालं, क्यारेजवर लेंड्या. पर सांगाडा गंजला नव्हता, जुनं लोखंड त्ये. आता पुढचा भाग कुठनं आनायचा? मल्ह्याकडं मागायचा? त्यापरीस दादानं दुसरा डोळा दिला असता.

त्यो गेला माधवनगरला, भंगारवाल्या भूपाल अण्णांकडं. तितं मिल चालू व्हती तवा सगळं कामगार सायकलवर जायचं. मिल बंद पडली, सायकली अण्णांच्या पत्र्याखाली येऊन पडल्या. अण्णा मानूस लय गोड, मुंगीवर सुदीक पाय न देनारा. त्येनी ढीग उपसून चिमटा दिला, हँडल दिलं, आन च्या पाजला. चाक मातूर नव्हतं. तसलं जुनं मोठं चाक कुटंच नव्हतं.

क्रांतीनं मोबाइलवर हुडकलं. शिरवळच्या अंगाला हायवेवर येक हाटेल हाय, गावरान म्हनत्यात तसलं. भितीला नांगूर, कंदील, घुंगराच्या माळा, आन येक आख्खी सायकल टांगल्याली. बापलेक यष्टीनं गेली. पुढचं क्रांतीनंच मला सांगितलं.

"आत्या, आबा म्हनले, ह्या सायकलचं पुढचं चाक मला द्या. मॅनेजर म्हनला, आजोबा, ती विकायची न्हाई, शोची हाय. आबा म्हनले, सायकल शोची नसती रं, मानूस न्यायची असती. आन खुर्चीवर चढले, पाना लावला. लोक थाळ्या सोडून बघाय लागले. मॅनेजरनं मागनं कॉलर धरली. आबांनी पाना त्येच्या बोटांवर मारला. मग चार वेटर आले. आबांचा शर्ट फाटला, नाक फुटलं. आबा म्हनले, पळ! मी रश्श्याची बादली मधी वतली, सगळे घसरले. आमी चाक घिऊन पळालो."

"लागलं का गं तुला?" म्या इचारलं.

"कोपर खरचटलंय. पर आत्या, चाक लय भारी हाय!"

घरी आल्यावर बघितलं तर चिमट्याची नळी जाड, सांगाड्याच्या गळ्यात जाईना. अप्पाच्या सायकलचा गळा जुन्या मापाचा. दादानं काय केलं? सांगाडा लेथवर नेला आन गळा आतनं कातून मोठा करून आनला. मग बसला चिमटा. झाली सायकल.

तवर भूपाल अण्णांकडं मल्ह्या गेल्याला, दिव्याच्या काचंसाठी. अण्णा भोळेपनी म्हनलं, "अरं, तुजा दादा बी हितनंच सामान घिऊन गेला की. भनीला आनायला निघालाय म्हनं." मल्ह्याचं डोस्कं फिरलं. आज दादानं सायकल नेली, तर भन कायमची दादाची. त्येला बी भन हायच की! त्येच्या माडीवर पुढचा भाग पोत्यात बांधून ठेवल्याला. त्यो गेला म्हसवडच्या बाजारात, भंगारात सांगाडा बघाय. तितं दुसरंच गिऱ्हाईक सांगाडा धरून उभं. मल्ह्याच्या वाकड्या हातात ताकद न्हाई, म्हनून त्येनं त्या मानसाचं बोटच चावलं. रगत निघंपतूर चावलं. सांगाडा सुटला. आन घरी येऊन बगतोय तर अप्पाच्या चिमट्याची नळी लांब, ह्या सांगाड्याचा गळा आखूड. मल्ह्यानं करवत घेतली आन नळी दोन बोटं कापून टाकली.

मल्ह्याचं हे मला तवा कुनी सांगितलं नव्हतं. मला येवडंच ठावं, की दादा येनार हाय. मी पिशवी भरून उंबऱ्यावर ठेवल्याली. इरकली लुगडं नेसल्यालं. आन खालच्या वढ्याला घंटी वाजली. अप्पाची घंटी! मी आवाज वळखला. भाईर येऊन बगते तर घंटी मल्ह्याच्या हँडलाला. आन त्याच येळंला वरच्या वाटनं दादा आला, त्येच्या मागं अप्पाचं क्यारेज. मला कळंना मी कुनाकडं बघून रडू.

"उठ अक्का, बस," मल्ह्या म्हनला. "अप्पाची सायकल आलीया."

"तुजी कसली अप्पाची?" दादा वरडला. "म्हसवडचा गंज हाय त्यो! शाले, हिकडं ये."

"आन तुजं चाक? हाटेलातनं चोरल्यालं! बापाच्या सायकलीला चोराचं चाक!"

"डोळा काढनारा तू, मला चोर म्हनतुयास व्हय रं?"

आन मल्ह्यानं खाली वाकून दगड उचलला. हितनं पुढचं मी सांगितलंच.

तर दोघं चिखलात, मालक माळ्यावर, आन मी पाक उपाशी. मल्ह्याचं डोळं पांढरं व्हाय लागलं तवा म्या परडी खाली ठेवली. घरात गेले. खुटीवरनं साखळी काढली. ती हाताला गार लागली, त्यालानं निसटत व्हती, म्हनून पदराचा शेव गुंडाळून धरली. भाईर आले आन पैला तडाखा दादाच्या पाठीवर दिला. दुसरा मल्ह्याच्या पोटऱ्यावर. तिसरा परत दादाला. त्यो साखळीचा आवाज दोघांनी बावीस वर्सांनी आईकला. दोघं बी जागच्या जागी थिजलं. दादानं आपसुक हात डोळ्यावर नेला, डाव्या. जो डोळा न्हाईच, त्येच्यावर.

"उठा!" म्या म्हटलं. "मी बी अप्पाचीच लेक हाय. तुमाला मारायला येतं आन मला येत न्हाई व्हय? पाना घ्या. सोडा दोन्ही सायकली. अप्पाचं त्ये येका जागी करा. परक्याचं त्ये तिकडं टाका उकिरड्याकडं."

"अक्का, आईक तर..."

साखळी हालवली. गप बसला.

बसली बाबा दोघं चिखलात. कपाळाचं रगत नटांवर ठिबकत व्हतं. मल्ह्याच्या वाकड्या मनगटात पाना फिरंना. दादानं त्यो हिसकला, आईवरनं शिवी हासडली, म्या म्हटलं, "तुजी बी आई तीच हाय रं मुडद्या," मग निमूट आपुन फिरवला. सांगाडा भाईर आला, चिमटा भाईर आला. मालक माळ्यावरनं सांगाय लागलं, बेरिंगच्या गोळ्या सांडू नगा, गिरीस लावा. म्या वर नुस्तं बघितलं.

मग दादानं सांगाडा धरला आन मल्ह्यानं अप्पाचा चिमटा त्येच्या गळ्यात घातला.

चिमटा खुळखुळ वाजला. गळा मोठा झाल्याला, नळी आखूड झाल्याली. वरचं नट लावायला पेच ऱ्हायलाच नव्हता. मल्ह्यानं परत काढून घातला. परत खुळखुळ. दादानं येका डोळ्यानं गळ्यात वाकून बघितलं, मग मल्ह्याकडं बघितलं, मग खाली.

"तू कापलीस?"

"तू कातलास?"

 कोन कुनाला काय म्हननार? आपापली अर्धी पुरी करायच्या नादात दोघांनी बापाची व्हती ती बी कापून टाकली. उद्या पंचमी, उद्या आपुन वांगं सुदीक चिरत न्हाई. आन ह्ये बापाची सायकल कापून घिऊन आलं.

मल्ह्या तोंडातलं रगत थुकला. म्हनला, "अक्का, आता ही कवाच जुळायची न्हाई."

 खरं सांगते, तवा वाटलं ह्या दोघांना हितंच जित्तं गाडावं. बावीस वर्सं मी दर नागचवथीला कान वढ्याकडं लावून बसले. ह्या दोघांचं वाईट व्हऊ नये म्हनून दर साली उपाशी ऱ्हायले. आन आता माजी पिशवी उंबऱ्यावर तशीच, क्रांतीची हळद तिकडं, आन मी हितंच मरनार व्हय? म्या त्या मुडद्यांच्या समूर रडले. भोकाड पसरून रडले. दोघं बी बघत बसलं, हात लावायची छाती कुनाची झाली न्हाई.

रडून झालं. नाक पुसलं. घरात जाऊन जुनं लुगडं आनलं आन टराटरा फाडलं. येक पट्टी दादाच्या डोस्क्याला बांधली, येक मल्ह्याच्या जबड्याला, दोघांच्या बी गाठी मुद्दाम आवळल्या. उरल्याली चिंधी चिमट्याच्या नळीला गुंडाळली, पार बोटभर जाड. "घाल आता," म्या म्हटलं. मल्ह्यानं ठोकून घातला. साखळी म्या माज्या हातानं चढवली. ती पैल्या झटक्यात बसली, त्यालावर ठेवल्याली व्हती म्हनून.

सायकल उभी केली. सोडली की पुढचं चाक येका अंगाला जाऊन पडायची. येकानं पुढनं हँडल दाबून धरायचं आन येकानं मागनं सीट, तरच उभी ऱ्हायची. तसं धरलं की चालत व्हती. कुरकुरत, पर चालत व्हती.

"मग धरा," म्या म्हटलं. पिशवी घेतली आन क्यारेजवर बसले.

"अगं पडशील!" मालक माळ्यावरनं.

"पडले तर माज्या भावांच्या हातात पडीन. तुमी पैल्यांदा खाली उतरा आन म्हशीला वैरन टाका."

ते उतरलं खरं. आन दुसऱ्या दिशी त्येनी त्या उकिरड्याकडच्या सामानाची सायकल जोडली. माधवनगरचा चिमटा, शिरवळचं चाक, म्हसवडचा सांगाडा. कशाचा कशाला संबंध न्हाई, तरी पैल्याच झटक्यात जुळली. मालक आता तिच्यावरच डेरीला जात्यात. आता ह्येला काय म्हनायचं, बायांनो?

तर आमी निघालो. पुढं मल्ह्या, हँडल दाबून. मागं दादा, सीट धरून. मधी मी, लुगड्याचा पदर डोक्यावर घिऊन ऐटीत. काळ्या रानाचा चिखल चाकाला असा बसायचा की दर बांधाला काटकीनं काढाय लागायचा. पाऊस, ऊन, परत पाऊस. दादाच्या पट्टीतनं रगत झिरपून माज्या खांद्यावर ठिबकत व्हतं. चढाला दोघं बी खेचराच्यागत धापा टाकत व्हती. उसाच्या फडातनं बाया भाईर येऊन बघाय लागल्या. येकीनं इचारलं, "शालूबाई, ह्ये काय वो? कुटं निगालासा?"

"माहेराला," म्या म्हटलं. "दोन दोन मुराळी आल्यात न्यायला."

वाटंत दोघांचं बोलनं म्हंजे येवडंच. मल्ह्या खड्डा आला की नुस्तं "हां" म्हनायचा आन दादा मागनं उचलायचा.

वेशीतनं आत शिरलो.  गावात सगळं बदलल्यालं, सिमिटाची घरं, मोबाइलचा टावर, पर पाराचा पिंपळ तसाच. पारापाशी दोन गल्ल्या फुटत्यात. उजवीकडं दादाचं घर, डावीकडं मल्ह्याचं. मल्ह्यानं हँडल डावीकडं वळवलं. दादानं सीट उजवीकडं वढली. सांगाड्याच्या गळ्यात कुर्रर्र झालं, चिंधीचा धागा भाईर आला.

पारावरची मानसं उठून उभी ऱ्हायली. बावीस वर्सांमागं जी वाटनीला बसली व्हती, त्यातली जी जगली ती तितंच व्हती. दादाच्या मानंची शीर तट फुगली. मल्ह्यानं ओठ चावला, व्हतं नव्हतं तेवडं रगत परत भाईर आलं.

"वढा," म्या म्हटलं. "वढा की. निगू दे चिमटा. मी क्यारेजवरनं उतरत न्हाई. मला काय घाई न्हाई."

कुनी हाललं न्हाई. पाऊस थांबल्याला, पिंपळावरनं पानी टपाटपा पडत व्हतं.  मल्ह्याचं वाकडं मनगाट हँडलावरनं निसटत व्हतं, त्ये दादाला दिसत व्हतं, दादा येकसारखा तिकडंच बघत व्हता.

मग मल्ह्या खाली मान घालून म्हनला, "दादा, तुजी गल्ली आधी लागती."

बावीस वर्सांत त्यो त्येला दादा म्हनला नव्हता. आन गल्ली आधी लागती म्हंजे काय? दोन्ही गल्ल्या येकाच पारापासनं फुटत्यात, आधी कुठलीच लागत न्हाई. पारावरच्या समद्यांना ठावं व्हतं.  

सायकल उजवीकडं वळली. दादाच्या दारात क्रांती उभी व्हती, हातात भाकरीचा तुकडा आन पान्याचा तांब्या. तिनं तुकडा ववाळून टाकला, आदी माज्यावरनं, मग दादावरनं, मग मल्ह्यावरनं. मल्ह्या हँडल धरूनच उभा ऱ्हायला. सोडलं असतं तर मी पडले असते.